सरकत्या शेताचा फोटो

बिदरकडे दरडी बघायला चालले आहे, असं मी सांगितलं तेव्हा आमच्या पॉलिटेक्निकच्या स्टाफरूममध्ये चांगलाच हशा पिकला. "बाई, तिकडे लोक किल्ला बघायला जातात, येताना बिदरी नक्षीची अत्तरदाणी आणतात. दरड बघायची तर तुमचं कोकण काय वाईट आहे?" त्यांचंही अगदीच चुकत नव्हतं. मी रत्नागिरीची. पावसाळ्यात घाट बंद पडणं आणि रस्त्यावर डोंगर उतरणं मी लहानपणापासून बघत आले आहे. बिदर, आळंद, गुलबर्गा हा मुलूख तुरीचा आणि ज्वारीचा, नजर पोचेल तिथवर आडवा पसरलेला. तिथे कोसळण्यासारखं आहे काय, असं कोणालाही वाटेल. परत आल्यावर त्या हसणाऱ्यांना एकेक करून बसवलं आणि आमचे फोटो बघायला लावले. या लिहिण्यात थोडी फुशारकी होणार आहे हे आधीच सांगून ठेवते. ती आवरायचा माझा विचार नाही.

मला तिकडे ओढून नेलं गौतम सूर्यवंशीने. गौतम माझा विद्यार्थी. म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं त्याच्या आगेमागे तो आमच्याकडे सर्व्हे शिकायला आला, आणि पुढे तिकडच्याच पाटबंधाऱ्याच्या कामावर इंजिनीअर म्हणून लागला. त्याचं गाव झरीवाडी. बिदरचं पठार जिथे संपून एकदम खाली उतरतं, त्या कड्याच्या पायथ्याची छोटी वस्ती. कड्याला अर्ध्या उंचीवर एक रुंद टप्पा आहे, त्यावर शेतं, आणि टप्प्याच्या बरोब्बर खाली घरं. कामाच्या निमित्ताने विमानातून काढलेले त्या भागाचे फोटो गौतमच्या हाताखालून गेले. दोन भिंगांच्या चौकटीखाली, म्हणजे स्टिरिओस्कोपखाली, फोटोंची जोडी ठेवली की डोंगरदऱ्या उठून दिसतात. तशा त्या उठून दिसल्या आणि कड्याच्या काठाला भाकरीचा घास तोडल्यासारख्या जुन्या खोबणी दिसल्या. एकेका खोबणीखाली कधीकाळी कोसळलेल्या दरडीचा ढीग. आणि झरीवाडीच्या डोक्यावर तशीच एक अर्धगोल रेघ, अजून न तुटलेली.

तो थेट पुण्याला माझ्या घरी आला. हातातला चहा तसाच ठेवून म्हणाला, "बाई, तुमी शिकवलं ते खरं असंल तर माजी माय दरडीखाली झोपायलीय."

मी कॅमेऱ्याची पेटी बांधली.

पहिल्या फेरीची गोष्ट

ती पहिली फेरी होती. तिच्याविषयी थोडक्यात सांगते, कारण खरी गंमत दुसऱ्या फेरीची आहे.

वस्ती हलवायला जागा हवी होती, आणि कड्याच्या वर, पठारावर, जागा एकाच माणसाची होती. व्यंकटराव बिरादार, सगळे त्यांना अप्पा म्हणत. टप्प्यावरची बरीचशी शेतंही त्यांचीच. तालुक्याचे साहेब पत्रे आणि लाकूड द्यायला तयार होते, पण जमीन गावाने द्यायची होती आणि अप्पा ढिम्म हलायला तयार नव्हते.

"माजं रान मला ठावं न्हाई व्हय?" ते म्हणायचे. "बांद तितंच हाय, बाभळ तितंच, हीर तितंच. भेगा पडत्यात म्हंता? काळ्या रानाला भेगा पडायच्याच की."

अप्पा खोटं बोलत नव्हते. टप्पा सगळा एकसंध खाली सरकत असेल, तर बांध, बाभूळ, विहीर आणि अप्पा हे सगळे मिळूनच सरकणार. बोटीत बसून बोटीतल्या बाकाकडे बघत बोट चालली की नाही ते ठरवण्यासारखं झालं. ते किनाऱ्यावर उभं राहूनच कळतं. म्हणून आम्ही दरीपलीकडच्या टेकडीवर सिमेंटचा एक खांब बांधला, त्यावर कॅमेरा जोडलेला थिओडोलाइट, म्हणजे सर्व्हेची दुर्बीण, बसवला आणि समोरच्या कड्याचा काचेच्या प्लेटवर फोटो घेतला. टप्प्यावर नुसती माती, ओळखीची खूण अशी कुठेच नाही, म्हणून बांधांवर मोठमोठे पाच दगड अर्धे पुरून त्यांना चुना फासला. वर्षाने त्याच खांबावरून तसाच फोटो काढायचा, दोन्ही शेजारी ठेवायचे आणि दगड हलले का बघायचे. अप्पांनी एवढं कबूल केलं की वर्षभर त्या दगडांना ते हात लावणार नाहीत. आणि त्यांनी नाही लावला, हे मी त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

आळंद

वर्षाने पुन्हा निघाले. सोलापूरहून अक्कलकोटमार्गे आळंदची बस. पेटी टपावर टाकायला मी साफ नकार दिला, त्यामुळे दोघांच्या बाकावर मी आणि पेटी बसलो. कंडक्टरची खात्री पटली की ती बाजाची पेटी आहे.

"भजनाला निगालाव का अक्का?"

"नाही हो. ही वाजत नाही. ही बघते."

शेजारच्या बाकावरच्या बाई माझ्याकडे कीव आल्यासारख्या बघत म्हणाल्या, "मग काय कामाची?" आणि तुरीच्या शेंगांची एक मूठ माझ्या ओटीत टाकली.

आळंदच्या बाजारात तुरीचे ढीग होते आणि प्रत्येक ढिगाशी निराळी भाषा चालली होती. एक अडत्या एका शेतकऱ्याशी कन्नड बोलला, दुसऱ्याशी दखनी उर्दू, आणि वळून मला मराठीत म्हणाला, "ताई, सरका जरा, गाडी येऊ द्या." तिन्ही वेळा सारख्याच वैतागाने. आमच्याकडे दोन मैलांवर बोली बदलली तरी माणसं एकमेकांची टिंगल करतात. इथे कोणाला त्याचं काही वाटतच नव्हतं. गौतम मला घ्यायला आला होता. त्याच्या बहिणीच्या घरी मुक्काम. तिने ज्वारीच्या भाकरीबरोबर शेंगदाण्याची अशी झणझणीत चटणी वाढली की माझ्यासारख्या भातखाऊ बाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. "उद्या येळवस हाय, आज जरा कमीच जेवा," असं म्हणत तिने तिसरी भाकरी ताटात टाकली.

नौबाद

बिदरला लागूनच असलेल्या नौबादला आमचे भाड्याच्या जीपवाले खाजाभाई जीप घेऊन उभे होते. बिदर आलं की मला माझ्या माहेरची माणसं परमुलखात भेटल्यासारखं होतं. तोच जांभा! लाल, भोकाभोकांचा, पाणी पिणारा दगड. आमच्या घराच्या भिंतीत तोच आहे. नौबादला जुन्या लोकांनी याच दगडातून जमिनीखालून पाण्याची वाट कोरून नेली आहे. पठाराच्या वरचा थर जांभ्याचा, आणि त्याच्या खाली मऊ, पिवळट, ओली झाली की साबणासारखी होणारी माती. पाऊस जांभ्यातून झिरपतो, या मातीवर अडतो आणि कड्याखाली झरा होऊन बाहेर येतो. झरीवाडी त्या झऱ्यापायीच तिथे वसली. उन्हाळ्यात सगळा मुलूख कोरडा पडला तरी तिथलं पाणी आटत नाही, आणि तेच पाणी वस्तीच्या डोक्यावरचा टप्पा सैल करत होतं.

खाजाभाईंना हे मी तासभर समजावून सांगितलं. ते मान डोलावत राहिले आणि शेवटी म्हणाले, "पहाड चलता बोल्ते आप. मेरी जीप बी नै चलती रोज."

झरीवाडी, येळवस

वस्तीत पोचलो तर कुत्रंसुद्धा नव्हतं. दारं ओढून घेतलेली, चुली थंड. दरड आधीच आली की काय, म्हणून मी आधी कड्याकडे बघितलं. गौतम हसला. "बाई, आज समदे रानात." येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावास्या, त्या दिवशी इथे घरात कोणी थांबत नाही. रानात कडब्याची कोपी उभी करतात, तिच्यात पाच दगड मांडून त्यांना चुन्याने पांढरे करतात. ते पाच पांडव. त्यांची पूजा करायची, रानाला आंबील शिंपडायची आणि मग जेवायचं. वाटेने जाणारा कोणी असो, ओळखीचा असो वा नसो, त्याला हाताला धरून बसवतात. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करतात, इथे पाहुण्याला जवळजवळ अटकच करतात.

आधी गौतमच्या आईच्या रानात गेलो. धुरपतबाई, हाडापेराने मजबूत, गळ्यात निळी पोत. कोपी होती, जेवण होतं, दगड मात्र नव्हते. मी बघते आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

"बाबासाहेबांच्या वाटंनं आलाव तवापासून पूजा सोडली आमी," त्या म्हणाल्या. "नाव माजं धुरपता, म्हंजी द्रौपदी, आन् पांडव सोडले! पन भज्जी कामून सोडावी? भज्जीनं काय वाकडं केलं आमचं?"

ती भज्जी! तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे, दिसेल ती पालेभाजी आणि बेसन, सगळं आंबट ताकात रटरटलेलं. सोबत ज्वारीचे वाफवलेले उंडे आणि मडक्यातली गार आंबील. पहिल्या घासाला मी दरड विसरले. दुसऱ्या घासाला मीच वाढून घेतलं.

तिथून टप्प्यावर अप्पांकडे. पुन्हा भज्जी. त्यांची कोपी पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी उभी राहते आणि पाच दगडही तेच, आजोबांनी अर्धे गाडलेले. ते उपटायचे नाहीत, फक्त दर येळवशीला नव्याने चुना द्यायचा. मी आंबील पिता पिता सहज बांधाकडे नजर टाकली. आमचा पहिला दगड दिसेना. उठून दुसऱ्या बांधावर गेले. तिथेही खड्डा. तिसऱ्याही ठिकाणी तेच.

"गौतम!" मी ओरडले. माझा आवाज दरीपलीकडे गेला असणार, कारण गुरं माना वर करून बघायला लागली.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. अप्पांचा धाकटा भाऊ माणिक हैदराबादला कामाला होता. पावसाळ्याआधी तो परतला, भावाभावांत वाटणी झाली आणि टप्प्याचा कडेचा तुकडा त्याच्याकडे आला. चूल वेगळी झाली की पांडवही वेगळे मांडावे लागतात. माणिकने आपल्या नव्या रानात कोपी घातली, आणि दगड?

"आयतेच गावले की बाई," तो मोठ्या खुशीत म्हणाला. "बांदाबांदावर पांढरे दगड, एकेकटेच बसलेले. कोन बी पूजा करंना त्यांची. मला लई वंगाळ वाटलं. एकेक करून आनले आन् पाच जुळवले. बगा कसे सोबायलेत!"

खरंच शोभत होते. कुंकू लागलेले, वर झेंडूची फुलं, पुढ्यात उंड्यांचा नैवेद्य. माझी वर्षभराची मोजणी तिथे सहकुटुंब जेवायला बसली होती. मी माणिकला जे बोलले ते छापण्यासारखं नाही. तो बिचारा आंबीलचा तांब्या हातात धरून उभाच्या उभा. त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. अप्पाही खजील झाले, पण गौतमला मात्र एक वाक्य ऐकवलंच.

"जाऊ दे गौतम. रानाच्याच मनात न्हाई फोटू काडून घ्यायचं."

गौतम टप्प्याच्या कडेला जाऊन खाली बघत उभा राहिला. खाली पत्र्यांची आणि धाब्यांची घरं, त्यांतलं कड्याला अगदी चिकटलेलं त्याच्या आईचं. पुढच्या येळवशीपर्यंत थांबायचं म्हणजे मधे एक अख्खा पावसाळा. मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला, की पोराला एवढ्या आशेवर ठेवून मी त्याच्या हातात काय दिलं.

मग माझं लक्ष गेलं अप्पांच्या कोपीकडे. गेल्या वर्षीचा फोटो आम्ही येळवशीनंतरच काढला होता. आणि हे पाच दगड कोणी हलवलेले नव्हते. दर वर्षी त्याच जागी, दर वर्षी ताज्या चुन्याने लखलखीत. त्या टप्प्यावर आणखी तीन घरांचे पांडव होते, आणि टप्प्याबाहेर, पलीकडच्या पक्क्या खडकाच्या सोंडेवर, गावच्या पाटलांचे पाच. म्हणजे आमच्या खुणांपेक्षा चांगल्या खुणा या लोकांनी आजोबांच्या काळापासून रोवून ठेवल्या होत्या, आणि गेल्या वर्षीच्या काचेवर त्या आपोआप आल्या होत्या.

"गौतम, माझ्या पेटीत जुनी प्लेट आहे," मी म्हटलं. "भिंग काढ."

उघड्या रानात, भज्जीच्या पातेल्याशेजारी, आभाळाकडे काच धरून आम्ही दोघं शोधत होतो. खसखशीएवढे पांढरे ठिपके. एक, दोन, तीन, चार, पाच. अप्पांचेच. गौतमने माझ्याकडे बघितलं आणि लहान मुलासारखा हसला.

समोरची टेकडी

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन कड्यावर तिरपं पडायच्या वेळी आम्ही खांबाशी होतो. गेल्या वर्षीचाच खांब, तीच उंची, तोच रोख. खाजाभाई पेटी डोक्यावर घेऊन आले होते आणि वाटेत दोनदा बसले होते. दुर्बिणीतून पाहिलं तर सगळ्या रानांत पांढऱ्या दगडांच्या ओळी चमकत होत्या. प्लेट घातली, झाकण काढलं, श्वास रोखून थांबलो. गौतम शेजारी उभा राहून कॅमेऱ्यावर सावली पडणार नाही याची काळजी घेत होता. सर्व्हेच्या पहिल्या तासाला तिपाई उलटी उभी करणारा हाच का तो, असं माझ्या मनात आलं.

प्लेट धुवायला शाळेची सामानाची खोली मिळाली. खिडकीला घोंगड्या, दाराला सतरंजी. पाणी झऱ्याचं. धुरपतबाईंनी ते तीन वेळा वस्त्रगाळ करून दिलं, आणि आत काय चाललं आहे म्हणून दाराबाहेर सगळी वस्ती कान लावून बसली.

आता इथे युक्ती सांगते. आपल्या दोन डोळ्यांना एकाच वस्तूची दोन थोडी वेगळी चित्रं दिसतात, आणि त्या फरकातून मेंदू लांब-जवळ ओळखतो. एकाच जागेवरून वर्षाच्या अंतराने काढलेले दोन फोटो दोन डोळ्यांपुढे ठेवले, तर जे हललं नाही त्यात फरकच नाही. ते सगळं कागदासारखं सपाट दिसतं. जे हललं, तेवढंच कागद सोडून अधांतरी उठतं. मोजायचीही गरज नाही, नुसतं बघायचं. फक्त डोळे आडवे आहेत, त्यामुळे आडवी हालचाल तेवढी कळते. आपला टप्पा खाली सरकणारा, म्हणून फोटो कुशीवर ठेवावे लागतात. दोन्ही प्लेटांच्या तिथेच काढलेल्या छापील प्रती शाळेच्या टेबलावर अशा कुशीवर मांडल्या, वर स्टिरिओस्कोप ठेवला आणि मी डोळे लावले.

कडा सपाट होता. पलीकडची सोंड आणि पाटलांचे पाच दगडही सपाट. आणि मधला अख्खा टप्पा, बांध, बाभळी, विहिरीसकट, तबक उचलावं तसा वर आला होता. त्याच्यावर अप्पांचे पाच दगड टपोरे, हात लावून उचलावेत असे.

मी उठले आणि गौतमला बसवलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने दार उघडून अप्पांना हाक मारली.

अप्पा बघतात

अप्पांनी पटका काढून मांडीवर ठेवला आणि भिंगाला डोळे लावले.

"शेत आडवं कामून केलंय?"

गौतमने कारण सांगितलं. अप्पा हुंकारले. आधी त्यांना दोन-दोन दिसलं, मग धूसर दिसलं. मी भिंगाचं अंतर जुळवलं. एकाएकी ते मागे सरकले, टेबलाकडे बघितलं, बोटाने कागद चाचपून पाहिला, आणि पुन्हा डोळे लावले.

"वर आलंय की हे."

"जे सरकलं तेवढंच वर येतं, अप्पा," गौतम म्हणाला.

"तुमची पेटीच हालली असंल."

"पेटी हालली असती तर समदंच हाललं असतं. पाटलांचे पांडव बगा. ते उटलेत का?"

अप्पांनी पाहिलं. पाटलांचे पांडव जागच्या जागी होते. "न्हाई," ते हळूच म्हणाले.

"आता तुमचे बगा."

माणिक मागून डोकावत होता, त्याला राहवेना. "माजे? माजे कसे हाईत?" त्याला बसवलं. त्याचे दगड एकाच फोटोत होते, त्यामुळे एका डोळ्याला दिसायचे, दुसऱ्याला नाही. "माजे डोळं मिचकावायलेत मला!" तो किंचाळला आणि सगळी खोली हसली. अप्पा मात्र हसले नाहीत. त्यांनी माणिकला बाजूला करून परत डोळे लावले. आजोबांनी गाडलेले दगड. ज्यांच्यापुढे ते परवाच हात जोडून उभे होते, ते.

"किती सरकलेत?" त्यांनी विचारलं.

"एका वर्सात हातभर," गौतम म्हणाला. "आन् दर पावसाळ्याला वाडत जाईल. तुटलं तर खाली आमी समदे."

अप्पा उठले. पटका बांधायला त्यांनी बराच वेळ घेतला. मग दारात बसलेल्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वरचं माळरान देतो. येत्या पावसाच्या आत घरं वर जायला पायजेत."

गलका झाला. त्या गलक्यात धुरपतबाई उभ्या राहिल्या. जुन्या वस्तीत बौद्धांची घरं एका टोकाला, कड्याला चिकटून, आणि बाकीची झऱ्याजवळ, मोकळ्या जागेत. कोणी तसं बोलून दाखवत नसे, पण सगळ्यांना माहीत होतं.

"अप्पा," त्या म्हणाल्या, "वर गेल्यावर आमची घरं कुन्या कडंला?"

गलका थांबला. मी गौतमकडे बघायचं टाळलं. अप्पांनी खाली बघितलं, मग टेबलावरच्या कुशीवर झोपलेल्या आपल्या शेताकडे.

"कड कामून ठिवायची?" ते म्हणाले. "गौतम आकंल तसं. इंजिनेर त्योच हाय की गावाचा."

मी मास्तरीण आहे, पोरांना पास होताना बघायची मला सवय आहे. पण त्या क्षणाइतका अभिमान मला कुठल्याही निकालाच्या दिवशी वाटला नव्हता. मी उठून खिडकीवरची घोंगडी काढायला लागले, म्हणजे माझे डोळे कोणाला दिसू नयेत.

दुसऱ्या दिवशी गौतमने माळावर दोऱ्या ताणल्या. एक सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना सारख्या जागा, मधोमध विहीर. घरं कोणी कुठे बांधायची ते सगळ्यांपुढे चिठ्ठ्या टाकून ठरलं. धुरपतबाईंची भिंत आली अप्पांच्या भिंतीला लागून. चिठ्ठी वाचली गेली तेव्हा अप्पा एवढंच म्हणाले, "बरं झालं, ताक मागाया लांब जायला नगं." आणि माणिकने आमचे दगड परत आणून दिले, स्वच्छ धुऊन. मीच ते घेतले नाहीत. त्याच्या रानात त्यांचं बरं चाललं होतं.

भाद्रपद

पावसाळ्यात तिसरा फोटो घ्यायला मी पुन्हा गेले. घरं वर आली होती. काहींच्या भिंती अजून ओल्या, काहींवर पत्र्यांऐवजी नुसता कडबा, पण सगळीच्या सगळी वर. विहिरीला जांभ्यातच पाणी लागलं होतं. पाऊस असा लागला होता की समोरची टेकडी तीन दिवस दिसलीच नाही. पेटी धुरपतबाईंच्या घरात कोरड्या कोपऱ्यात, आणि मी चुलीपुढे.

चौथ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला. आम्ही अप्पांच्या ओसरीवर होतो, मी, गौतम, माणिक, धुरपतबाई. आवाज आला तो पायांतून आला. जमीन गुरगुरली, भांडी एकमेकांवर आपटली आणि मग कड्याच्या बाजूने असा काही गडगडाट उठला की गोठ्यातली गुरं दावी तोडून धावली. बराच वेळ चालला. मग नुसता मातीचा ओला वास.

गौतमने कड्याच्या काठापासून दूर एक दोरी बांधून ठेवली होती, तिच्यापुढे त्याने कोणालाही जाऊ दिलं नाही. तिथूनच दिसलं. टप्पा नव्हता. बाभळी नव्हत्या, विहीर नव्हती, अप्पांच्या कोपीची जागा नव्हती. खाली जुन्या वस्तीच्या जागी लाल दगडांचा आणि पिवळ्या चिखलाचा डोंगर, आणि त्याच्यातून वाट काढणारं झऱ्याचं पाणी. बायका रडल्या. अप्पा आपल्या गेलेल्या रानाकडे बघत उभे राहिले. धुरपतबाई घरात गेल्या आणि त्यांनी सगळ्यांसाठी चहाचं आधण ठेवलं.

दुपारी पठाराच्या रस्त्याने जीप येताना दिसली, मागे पोलीस, मागे एक लॉरी. पलीकडच्या गावातून कोणीतरी निरोप पोचवला होता की झरीवाडी गाडली गेली. तालुक्याचे साहेब मूळचे भालकीकडचे, मराठी बोलणारे. चिखलात पाय रुतवत, चेहरा पांढरा पडलेला, धावतच ओसरीपाशी आले. त्यांना घरं दिसत होती, पण त्यांच्याकडचे पत्रे सगळ्यांना पुरले नव्हते, त्यामुळे निम्मी माणसं अजून खालीच असणार असं ते धरून चालले होते.

"अप्पा," त्यांनी विचारलं, "किती माणसं होती खाली?"

अप्पांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग गौतमकडे, आणि मग हातातली कपबशी पुढे केली.

"खाली कोनच न्हाई, साहेब. समदे हितंच हाव, चा प्यायलाव. बसा."